अग्निशामकाला झेंडूचा हार

मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या कचोरीच्या दुकानात अर्पिता हसली, आणि सगळं तिथूनच सुरू झालं. हसणंही असं, की घास सांभाळता सांभाळता डोळ्यांत पाणी आलं! कढईतला झारा तसाच हातात धरून दुकानदार हरिओम पुढे आला. उंच, सावळा, कपाळावर घाम.

"कचोरीत काही निघालं काय, मॅडम?"

"कचोरी झकास आहे हो. पण ते... त्याची आरतीही करता काय?"

तिचं बोट कढईच्या वरच्या फळीकडे होतं. तिथे देवाच्या तसबिरीशेजारी लाल अग्निशामक, म्हणजे आग विझवायचं सिलिंडर, थाटात बसलं होतं. अंगावर कुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूचा हार, आणि दसऱ्याच्या पूजेत पिनेभोवती गच्च आवळलेला नाडा.

"दसऱ्याले तराजूची पूजा होते, गाडीची होते. मंग त्यानंच काय घोडं मारलं?"

"पूजा करा ना खुशाल! पण पीन काऊन बांधली? वेळ आली तर गाठ सोडत बसाल? वरून हे पाण्याचं. पेटलेल्या तेलावर पाणी पडलं तर तेल उसळून पार छताला जाते. आन ठेवलं कुठं, तर कढईच्या डोक्यावर! काढाले जाळात हात घालाल काय?"

हरिओम ऐकत होता की नुसता बघत होता, देव जाणे. "तुम्हाले लय माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

"माहीत असणारच. विकते मी हे. आन चालवाले शिकवतेही."

खरं सांगायचं तर अर्पिताला त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. पण बाईसाहेब आठवड्यात पुन्हा आल्या. मग पुन्हा. कचोरीसाठी, असं ती स्वतःला बजावायची... आणि तिची स्कूटी वळताना दिसली की हरिओम कपाळावरचा घाम पुसून घ्यायचा. हे तिला दिसायचं बरं का, आणि आवडायचंही.

दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, "मले शिकवा." गावाबाहेरच्या माळावर तिने काटक्या पेटवल्या आणि पावडरचं अग्निशामक त्याच्या हाती दिलं.

"आधी काटा पाहा, हिरव्यात आहे ना? आता पीन काढा. नळी जाळाच्या मुळाशी धरा, शेंड्याले नाही. दाबा, आन डावी-उजवीकडे फिरवा. वारा पाठीशी—"

वारा पाठीशी घ्यायचा, हे ऐकायच्या आत पठ्ठ्याने दाबलंही! सगळी पावडर उलटी त्याच्याच तोंडावर. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, जाळ मात्र मजेत धडधडतोय. अर्पिताने झटकन दुसरं उचलून तो विझवला आणि ओढणीने त्याचं तोंड पुसायला गेली. पुसता पुसता हात थबकला.

"अर्पिता..." तो म्हणाला. 'मॅडम' कुठे गेलं कोण जाणे. "हे असं तोंड घेऊन विचारू नये, पण... लगन करशील माह्याशी?"

मनातून ती केव्हाच हो म्हणून बसली होती! पण पोरगी हट्टाची. तिने मान ताठ केली.

"आधी दुकानाच्या दाराजवळ तेलाच्या आगीचं सिलिंडर लागू दे. तवरोक माह्याकडून हो नाही."

"लगनाचा आन सिलिंडरचा काय संबंध वं?"

"आहे!" एवढंच बोलून ती निघाली. तो रोज उकळत्या तेलापाशी उभा असतो, या विचाराने आपला डोळ्याला डोळा लागत नाही, हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. 

आणि मोठी अडचण तर पुढेच होती. दुकान नावापुरतं हरिओमचं. कढईपाशी शब्द चालायचा तो त्याच्या आईचा, गीताबाईंचा.

"माह्या चुलीपाशी आगीचं नाव काढू नको!" अर्पिताने सिलिंडरचा विषय काढताच त्यांनी तिला झटकलं. "अभद्र बोलू नये."

"नाही काढत, काकू. कचोऱ्या भरू लागू काय?"

गीताबाईंना यावर नाही म्हणता येईना. मग अर्पिता रोज दुपारी येऊन कचोऱ्या भरू लागली. आगीचा अ नाही काढला! हरिओम गुपचूप डोळे मोठे करून 'कधी?' विचारायचा. ती पिठाचं बोट ओठांवर ठेवायची. सिलिंडर लागल्याशिवाय हो नाही, हे ठरलं ते ठरलं.

भरता भरता तिला एक गोष्ट दिसली. तेलातून धूर निघाला की गीताबाई दोन पावलं मागे सरायच्या. गॅस बारीक करायचा तर हात लांब करून, तोंड फिरवून. कोणी बघितलं की लगेच पदर खोचून पुढे.

"काकू," एक दिवस ती अगदी हळू म्हणाली, "भेव वाटते ना?"

गीताबाईंच्या हातातली पारी खाली पडली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली.

"लगन होऊन आली तवापासून वाटते," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगू? कढईवरच घर चालते."

"मलेही लय वाटते. म्हणून तर शिकली. दुकानात नाव नाही काढत, काकू. माळावर तर चला!"

गेल्या. हरिओमही मागोमाग गेला. अर्पिताने तेलाच्या आगीचं सिलिंडर बाजूला ठेवून परातीत थोडं तेल पेटवलं. गीताबाई पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या.

"दुकानात आधी गॅस बंद. जमलं तर झाकण. नाहीच ऐकलं तर हे. पाठ दाराकडं ठेवायची, म्हणजे पळता येते. जवळ नाही जायचं. लांबून, सावकाश शिंपडायचं. आन विझत नसेल तर सारं सोडून बाहेर! दुकान जाऊ द्या, माणूस नाही."

गीताबाईंनी पीन ओढली. फवारा सुटला, तेलावर पांढरी साय धरली आणि जाळ बसला. पाहता पाहता बसला! त्या परातीकडे बघतच राहिल्या. मग डोळे पुसून त्यांनी अर्पिताला गाठलं.

"एक सांग पोरी. विकायचंच होतं तर मेहकरात काय दुकानं कमी होते? माह्याच मागं काऊन लागली?"

अर्पिताने हरिओमकडे पाहिलं. 

"कारण... तुमचा पोरगा रोज त्या तेलापाशी असते, काकू. आन मले तो पाहिजे. जन्मभर. धडधाकट!"

हरिओमच्या हातून रिकामं सिलिंडर निसटून धाडकन पडलं. गीताबाई त्याच्यावर खेकसल्या, "उचल ते! पोरीचं आहे." मग अर्पिताच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "उद्या दाराजवळ नवं सिलिंडर टांगून दे. आन परवा आम्ही येतो तुह्या घरी. मागणी घालाले."