शिवलीलेचा राहिलेला नमस्कार

थोरल्या नातीचं वागणं मला पटलं नाही. नाव शिवलीला. चंद्राभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात (माणसं राहतात असं आकाशातलं तरंगतं घर) सव्वा वर्ष राहून आली. गावानं कमान उभारली, हलगी लावली. त्याच दिवशी मळ्यातल्या घरी आमच्या मालकांचं वर्षाचं पुण्यस्मरण होतं. पंगतीआधी लहानथोर सगळे समाधीपुढं वाकले, मग माझ्या पाया पडले. ही आली, खांबासारखी उभी राहिली, लांबूनच हात जोडले आणि बाजूला झाली. जशी मी सरपंच आणि ही दौऱ्यावर आलेली मंत्री!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी एवढ्या तेवढ्यावर चिडते. तर ऐका. वर जाताना ही पोरगी घरी आली नाही, फोनवरून नमस्कार सांगितला. मालक दारातल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून रस्ता बघत राहिले. तीन महिन्यांत ते गेले. तेव्हा ही वरच होती. तिथून एसटी सुटत नाही, हे मलाही कळतं. पण जाताना तर जमीन पायाखालीच होती ना? त्या खुर्चीत मी तेव्हापासून कुणाला बसू दिलेलं नाही.

"वाक की," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "माझ्यापुढं नको, आजोबांच्या समाधीपुढं तरी वाक. का वर गेल्यावर कमरेत सळई घालतात?"

पंगत फिदीफिदी हसली. शिवलीलेचे कान लाल झाले. एक शब्द बोलली असती तर जीभ झिजली नसती. पण रक्त माझंच, सांगेल कशाला? दात आवळून ती वाकायला लागली. तेवढ्यात तिच्याबरोबर आलेल्या यंत्रमानवानं पुढं होऊन तिचे खांदे धरले.

"थांबा! वाकू नका. मणक्यांमधली चकती (मऊ गादी) सरकली तर पाय लुळा पडेल."

"ए पत्र्या," मी म्हणाले, "घरच्या बोलण्यात तू कोण?"

"यांची पाठ सांभाळायला मला पाठवलंय, आजी."

तेवढ्यात धाकटी नात गिरिजा ओरडली. दहा वर्षांची आहे, डोळे घारीचे. "आजी, ताई वाढलीय! दोन वर्षांमागं सुट्टीला आली तेव्हा चौकटीवर कोळशानं खूण केली होती. आता ताईचं डोकं दोन बोटं वर जातंय. तिशीतली बाई वाढते का गं?"

मी खूण बघितली. खोटं नव्हतं.

पत्र्या म्हणाला, "हाडं वाढली नाहीत. कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके (हाडांचे तुकडे), आणि मध्ये चकत्या. इथं वरच्या वजनानं चकत्या दाबलेल्या राहतात. तिथं वजनच जाणवत नाही. मग भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं त्या पाणी पितात आणि फुगतात. फुगलेली चकती वाकताना लवकर दगा देते."

"मग एवढी मोठी पाठ कशाला आहे?" मी विचारलं. "तिनं सांभाळावं की!"

"तीच दुबळी झालीय. गावच्या जत्रेत काठी नाचवतात ना?"

आता हे मला विचारायचं? आमचे मालक तीस जत्रा काठी पेलत होते. घरापेक्षा उंच काठी एकजण कमरेशी पेलतो आणि चारी बाजूंनी माणसं दोर धरतात. दोर सुटले की काठी गेली.

"कणा म्हणजे काठी आणि स्नायू (आकसून हाड ओढणारं मांस) म्हणजे दोर," पत्र्या म्हणाला. "सगळ्यात वर ट्रॅपेझियस (मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंतचा पतंगाच्या आकाराचा स्नायू). खांदे उडवता ते त्याच्या जोरावर. त्याच्या खाली लॅटिसिमस (काखेपासून कमरेपर्यंतचा रुंद स्नायू). विहिरीतून घागर ओढताना हाच स्नायू हाताला खाली खेचतो. ताई वर हातांनी कड्या धरून ओढत फिरायची, म्हणून हे दोन्ही बरे आहेत. त्यांच्याही आत इरेक्टर स्पायनी (कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू), आणि सगळ्यात खोल मल्टिफिडस (मणक्याला मणका बांधणारे आखूड स्नायू). खरे दोर हेच. आणि तेच वाळलेत."

गिरिजानं नाक मुरडलं. "पण वाकताना माणूस खालीच जातो. खाली पडायला दोर कशाला?"

"आजी भाकरी थापायला बसल्या की त्यांच्या कमरेवर बोटं ठेव."

पंगतीसाठी भाकरी करायच्याच होत्या. मी चुलीपुढं बसले, गिरिजानं कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवली. मी परातीवर झुकले.

"अगं बाई, आजी! दोन सोल (जाड दोर) उभे राहिले! दगडासारखे!"

"राहणारच. साठ वर्षांच्या भाकऱ्या आहेत त्या," मी म्हणाले.

"बघ," पत्र्या म्हणाला. "वाकताना पृथ्वी तुला खाली ओढते. स्नायू ते वजन धरून हळूहळू सोडतात, विहिरीत घागर सोडताना दोर सोडतो तसं. दोर हातातून सुटला की घागर आदळते. वर घागरच नव्हती, मग दोर धरणार कोण? ताई रोज व्यायाम करायची, तरी आतले स्नायू बारीक झालेच. काम नसलेलं मांस शरीर पोसत नाही."

हे मात्र मला पटलं. माझ्याही घरात तोच कायदा आहे.

"परत भरतील?" गिरिजानं विचारलं.

"हळूहळू. आधी सरळ उभं राहणं, मग चालणं, मग रांगत एक हात उचलणं. चकत्या बसल्या, दोर भरले की वाकणं. पुढं फिरती यानं येतील, त्यात गोल फिरून वजनासारखा दाब मिळेल. मग पाठ वाळणार नाही."

"मग मी मंगळावर जाणार!"

"जा," मी म्हणाले. "घरी येऊन, पाया पडून जा."

शिवलीला तेवढं ऐकून कोपऱ्यात रडत होती. रडतानाही ताठ. मी वाकायला लावलं आणि पाय गेला असता, हे मला कळत होतं. पण ते तिनं सांगायचं होतं, पत्र्यानं नाही. पानं मांडली. सगळे खाली बसले, ही उभीच. मी आत गेले, मालकांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यापुढं आणून आपटली.

"बस," मी म्हणाले. "माफ केलं असं समजू नकोस. तुला खाली बसता येत नाही म्हणून देतेय. पाठ भरेपर्यंत इथंच राहायचं, माझ्या डोळ्यांपुढं. आणि वाकता आलं की आधी त्यांच्या समाधीपुढं वाक. ते वाट बघत गेले. मी अजून बसलेय, मी थांबेन."