लॉर्डसाहेबांच्या मोरीचं पाणी

"मी आत पाऊल ठेवणार नाही!" मॅबली म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. बाहेर राहून काय वाट्टेल ते करीन. आत नाही म्हणजे नाही!"

"अगं, तुला आत बोलावतंय कोण?" हेलेध म्हणाली. "तू खालीच हवीयेस. इथे, ओल्यात."

"वा! म्हणजे तुम्ही राजवाडा बघणार आणि मी डबकं!"

"तत्त्व तुझं आहे," तेगिद म्हणाला. "डबकंही तुझंच."

तेगिद दहा वर्षांचा होता आणि हेलेधचा सख्खा भाऊ होता. या दोन्ही गोष्टींचा हेलेधला रोज पश्चात्ताप व्हायचा. मॅबली ही हेलेधची वर्गमैत्रीण. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि तिघंही गायनशाळेच्या पायरीवर ओले मोजे पिळत बसले होते.

गायनशाळा म्हणजे डोंगराला पाठ लावून बसलेली एक लांबट खोली. नांत-वेरिन गावच्या खाणकामगारांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली, तेव्हापासून गावचं गायकमंडळ तिथेच गात आलं होतं. हेलेधचे आजोबा, म्हणजे ताइद, मंडळात खर्जात गायचे. आजी गेल्यापासून ताइद घरी तोंड उघडत ते चहा प्यायला. गाणं फक्त इथे. शुक्रवारी संध्याकाळी ते इथून बाहेर पडत तेव्हा चालणंसुद्धा निराळं असे.

आणि ही खोली पाडणार होते!

दारावर वरच्या किल्ल्याची नोटीस लागली होती. जमीन किल्ल्याच्या मालकीची. खोलीत ओल आली आहे, इमारत धोकादायक झाली आहे, तरी महिनाअखेर ती पाडून तिथे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा करण्यात येईल. खाली किल्ल्याचे व्यवस्थापक श्री. ऑर्टन-हेल यांची सही होती. सही एवढी ऐसपैस होती, की तिच्यातच दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

"पण पाऊस कुठाय?" मॅबली म्हणाली. "आपल्याकडे चार दिवस ऊन पडलं तर लोक आजारी पडतात. यंदा तर गवतसुद्धा पिवळं पडलंय. मग हे पाणी येतं कुठून?"

"ताइद म्हणतात, डोंगरातून."

"डोंगराला मंगळवारी सुट्टी असते का?" तेगिद म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"हसू नका. सकाळी फरशी पुसायचं काम माझ्या गळ्यात मारलंय ना सगळ्यांनी? रोज पाणी असतं. फक्त बुधवारी सकाळी फरशी कोरडी. दर बुधवारी! म्हणजे मंगळवारी पाणी येतच नाही. आणि मंगळवारी काय बंद असतं?"

तिघांनीही माना वर केल्या. वर, झाडांच्या माथ्यावर, वेरिनच्या किल्ल्याचे बुरूज उभे होते.

किल्ला म्हणायचा आपला. त्याच्यावर कधी कुणी चालून आलं नाही. इथल्या खाणीतला पाटीचा दगड विकून गबर झालेल्या एका लॉर्डसाहेबांना वाटलं, आपल्याला किल्ला शोभेल, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांनी तो बांधून घेतला. त्याच लॉर्डसाहेबांनी पुढे संपावर गेलेल्या खाणीला टाळं ठोकलं. गाव तीन वर्षं उपाशी राहिलं. तेव्हा गावानं शपथ घेतली, की किल्ल्यात पाऊल ठेवायचं नाही. चाकरी नाही, चहा नाही, नुसतं बघायलाही नाही. लॉर्डसाहेब गेले, त्यांचे नातू गेले, खाण बंद पडली. शपथ मात्र ठणठणीत होती. आता एका संस्थेनं किल्ला विकत घेऊन, रंगवून, सोन्याचा मुलामा चढवून ईस्टरला उघडला होता. जगभरातून लोक बघायला यायचे. खालच्या गावातून कुणीही नाही.

"ताइदना कळलं तर?" तेगिदनं विचारलं.

"कळणारच," हेलेध म्हणाली. "मी स्वतः सांगणार आहे. पण आधी गायनशाळा वाचू दे. आत जायचं नाही म्हणून नुसते बाहेर बसलो, तर बसायला बाहेरच उरेल!"

किल्ल्याच्या दारात गावकऱ्यांना प्रवेश मोफत असल्याची पाटी होती. पाटीचा कोरा रंग सांगत होता की तिचा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

आत शिरताच तेगिदचा जबडा खाली आला तो तसाच राहिला. छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे. भिंतीवर पोपट, माकडं, द्राक्षांचे वेल, एकेक पान सोन्याने काढलेलं. लाल मखमलीचे पडदे एवढे घेरदार, की त्यातल्या एकात अख्खं गायकमंडळ गुंडाळता आलं असतं.

"ताई, हे सगळं एका माणसासाठी?"

"आणि त्याच्या कुत्र्यांसाठी. तोंड मिट. फितूर दिसतोयस!"

"सुंदर आहे पण," तेगिद पुटपुटला.

हेलेधनं त्याला पुढे ढकललं. सुंदर होतंच. त्याचाच तर तिला जास्त राग आला होता.

पाण्याच्या आवाजाचा माग काढत ते लॉर्डसाहेबांच्या स्नानगृहापाशी पोचले. दारात मखमली दोर बांधला होता. आत नक्षीदार फरशांवर मासे पोहत होते, मध्ये पांढरा हौदासारखा टब, आणि भिंतीतून डोकावणारी एक सोनेरी जलपरी. तिच्या हातातल्या शिंपल्यातून पाणी धो धो टबात पडत होतं आणि तळाच्या भोकातून घळाघळा वाहून जात होतं. मार्गदर्शक बाई पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होत्या, "जीर्णोद्धारात आम्ही मूळची मोरीसुद्धा मोकळी केली! फुटक्या दगडांनी गच्च भरली होती. आता जलपरी दिवसभर चालू असते."

"आणि पाणी जातं कुठे?" हेलेधनं विचारलं.

बाईंनी जरा विचार केला. "खाली," त्या म्हणाल्या. आणि पाहुण्यांना घेऊन शयनगृहाकडे निघाल्या.

"ऐकलंस? खाली!" हेलेध कुजबुजली. "म्हणजे आपल्याकडे. काढ बाटली. केकचा लाल रंग. दोनच थेंब, आणि थेट भोकात. टबाला लागू देऊ नकोस, कळलं?"

"कळलं, कळलं! मी काय लहान आहे?"

तेगिद दोराखालून आत सरपटला, टबावर वाकला, बाटलीचं झाकण फिरवू लागला. झाकण हलेना. त्यानं दात लावले. झाकण उडालं, बाटली निसटली आणि अख्खीच्या अख्खी टबात पडली!

टब लाल झाला. शिंतोडे उडाले, जलपरीच्या सोनेरी गालावरून लाल ओघळ उतरू लागले. नेमकी तेव्हाच मागे राहिलेली एक पाहुणी दारात आली.

"खून!" ती किंचाळली. "अंघोळीत खून!"

पुढच्या क्षणी दारात एवढी गर्दी झाली, की खून बघायला उशिरा आलेल्यांना टाचा उंचावाव्या लागल्या. गर्दी फोडून उंच, इस्त्रीबंद श्री. ऑर्टन-हेल आत आले. त्यांनी टब पाहिला. तेगिदचे लाल हात पाहिले.

"हे काय चाललंय?"

"केकचा रंग आहे, धुतला जातो," तेगिद म्हणाला. "आईच्या ओट्यावर करून पाहिलाय."

"कुठली पोरं तुम्ही?"

"खालची," हेलेध म्हणाली. आणि तिच्या खिशातला फोन वाजला.

मॅबलीचा आवाज सगळ्या स्नानगृहाला ऐकू गेला. "आलं! लाल! मागच्या भिंतीतून, भसाभसा! माझे मोजे गेले! हेलेध, लाल आलंय गं!"

हेलेधनं फोन साहेबांपुढे धरला. "तुमच्या जलपरीचं पाणी आमच्या गायनशाळेत येतंय. आणि ओल आली म्हणून तुम्ही आमचीच खोली पाडताय!"

"अशक्य! इंजिनिअरनं तपासलंय."

"खाली येऊन?"

"कागदोपत्री," साहेब म्हणाले आणि स्वतःच जरा थांबले. मग पुन्हा ताठ झाले. "मी तुमच्या पालकांकडून नुकसानभरपाई घेईन!"

"अवश्य. चला, पालक खालीच आहेत. आज शुक्रवार आहे. तालीम आहे!"

श्री. ऑर्टन-हेल पहिल्यांदाच गावात उतरले. गायनशाळेत मंडळ जमलं होतं. रबरी बूट घालून सगळे घोटाभर लाल पाण्यात उभे होते आणि मॅबली भिंतीतल्या फटीशी पहारेकऱ्यासारखी खडी होती.

"योगायोग असू शकतो," साहेब म्हणाले.

"मग बंद करायला सांगा जलपरी," हेलेध म्हणाली. "फोन आहे ना तुमच्याकडे?"

साहेबांनी अनिच्छेनं फोन लावला. फटीतली धार हळूहळू बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

"आता चालू करा."

"नको," साहेब हळूच म्हणाले.

"करा हो," मागून एक म्हातारा म्हणाला. "आम्हाला बघायचंय!"

जलपरी चालू झाली. धार सुटली, ती थेट साहेबांच्या बुटावर.

"ती मोरी," साहेब घसा साफ करत म्हणाले, "दगडांनी बुजलेली होती. आम्हाला वाटलं, कचरा."

"कचरा?" म्हातारा म्हणाला. "खाणीच्या टाळेबंदीत आमच्या आज्यांनी या टोकानं बुजवली होती! लॉर्डची अंघोळ आपल्या डोक्यावर नको म्हणून!"

"मग तुम्ही आम्हाला सांगायचं तरी!"

"सांगायला वर यावं लागलं असतं," ताइद प्रथमच बोलले. "तुम्ही विचारायचं."

"विचारायला..." साहेब म्हणाले.

"खाली यावं लागलं असतं!" हेलेध ओरडली. "म्हणजे तुम्ही खाली येणार नाही, हे वर जाणार नाहीत, आणि मधल्यामध्ये आमची खोली बुडणार! किती वर्षांचे आहात हो तुम्ही सगळे?"

पाणी वाहत होतं तेवढंच.

"नोटीस रद्द," साहेब शेवटी म्हणाले. "मोरी उद्या बुजवू. आणि खोली वाळेपर्यंत मंडळानं किल्ल्याच्या दिवाणखान्यात गावं. आमचे पाहुणे म्हणून. तिथे आवाज उत्तम घुमतो."

मंडळानं ताइदकडे पाहिलं. ताइदनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

"मंडळ इथेच गाणार. ज्याचं पाणी, त्यानं उपसावं."

श्री. ऑर्टन-हेल बादलीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोट काढला, नीट घडी घातली, ठेवायला कोरडी जागा मिळेना म्हणून मॅबलीच्या हातात दिला आणि वाकले. दुसरी बादली तेगिदनं घेतली. मंडळानं तालीम सुरू केली. साहेबांना ताल सापडायला थोडा वेळ लागला, पण सापडला.

तालीम संपल्यावर ताइदनी नातवंडांना बाहेर बोलावलं.

"आत गेला होतात."

"गेलो होतो," हेलेध म्हणाली. "आणि पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा जाऊ. तुम्ही रागावलात तरी!"

ताइदनी वरच्या बुरुजांकडे पाहिलं. "त्यांच्या खुर्चीत बसलात?"

"नाही."

"त्यांचा चहा प्यायलात?"

"नाही!"

"मग केलंत काय तिथे?"

"त्यांची जलपरी लाल केली," तेगिद म्हणाला. "सगळी."

ताइदच्या मिशा एकदा हलल्या. त्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"चार पिढ्या आम्ही बाहेर उभं राहून त्या किल्ल्यावर डोळे वटारतोय," ते म्हणाले. "हे एकालाही सुचलं नाही."