पाचवा फोल्डर

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं घडलंय. पनवेलजवळ सुकापूरला, गेल्या मे महिन्यात, ऐन दिवेलागणीला.

सत्यजीतचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईने बिचाऱ्याचा पार पिट्टा पडला होता. एकेक फोल्डर बनवत बसायचं त्राण कुणात? तो कॉम्प्युटरला कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत एमकेडीआयआर, म्हणजे 'फोल्डर बनव', असं लिहायचा आणि पुढे स्पेस देत चार नावं. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा. एन्टर मारला की चारही फोल्डर एका दमात तयार.

त्या संध्याकाळी त्याने निकेशच्या लग्नाचे फोल्डर केले.

पाच झाले.

पाचव्याचं नाव होतं... दहावा.

"झोपेत काहीतरी टाईप केलं मी," तो पुटपुटला. कमांड पुन्हा वाचली.

नावं चारच होती.

फोल्डरमध्ये एकच फोटो होता. हळदीत खुर्चीवर बसलेली निकेशची आजी, हौसाबाई. फोटो त्यानेच काढलेला. तेव्हा तिच्यामागे अख्खा मांडव नाचत होता.

आता मागे... कोणीच नव्हतं.

त्याने फोल्डर डिलीट केला आणि शटर ओढून घरी गेला.

त्याच आठवड्यात निकेश आला. डोळे सुजलेले.

"दादा, आजी गेली. बसल्या जागी गेली. दहाव्याला फोटो लावाचा हाय. हळदीतला चांगला हाय. पन मागची मानसं काढून टाक."

सत्यजीतला दरदरून घाम फुटला.

त्यानंतर त्याने ती काळी खिडकी उघडलीच नाही. एकेक फोल्डर हाताने बनवत राहिला. जीव मेटाकुटीला आला, तरी राहिला.

डिसेंबरात त्याच्या बहिणीचं, आभाचं, लग्न झालं. धावपळीने त्याचं अंग मोडून गेलं होतं. घरीच लॅपटॉप उघडला. हातांना जुनी सवय, त्यांनी काळी खिडकीच उघडली. एन्टर दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं...

पाच.

बाहेरच्या खोलीतली पाहुण्यांची कलकल एकदम थांबली.

दहावा. आत एक फोटो.

त्याला तो उघडवेना. डिलीटही करवेना. मागच्या वेळी डिलीट करून कोण वाचलं होतं?

"सत्या..."

दारात आई उभी होती.

"किती दमलास रे. झोप आता. आणि हो, माझा हिरव्या शालूतला फोटो मोठा करून दे ना. एकटीचाच. मागची गर्दी नको."

तो फोल्डर अजून तसाच आहे, न उघडलेला. आई रोज फोटो मागते.

तो रोज म्हणतो, "उद्या देतो."