विश्रामचे डोळे

धर्मेशभाईच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर हाय. नाव 'आँख'. आत दोनशे चौदा जोड्या. म्हातारे, बायका, पोरं, सगळे वेगवेगळे लावून ठेवलेले.

ऐकायला कसंतरी वाटतं, पण स्टुडिओत ही साधी गोष्ट हाय. कुणाचा तरी बाप जातो. घरात त्याचा धड एक फोटो नसतो. मग लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, एका चेहऱ्यावर बोट ठेवतात. आणि नेमक्या त्याच माणसानं फ्लॅशला डोळा मिटलेला असतो. मग फोल्डरमधून जोडी काढायची, बसवायची, कडा पुसायच्या, हार घालायला फोटो तयार. लोक रडतात. बोलतात, अगदी तसेच दिसतात.

बोईसर स्टेशनजवळ हा स्टुडिओ. दोन वर्षं झाली, फोटो मीच काढते, फोटोशॉप पण मीच करते. धर्मेशभाईला आता उभं राहवत नाय, गुडघे गेलेत. मी तेजल, सतरा वर्षांची, सालवडला राहते. दहावीत सरांनी फेकलेला डस्टर मी परत फेकला. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरलं नाय.

पण मला दिसतं. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, कोण हसताना खोटं हसतो. म्हणून त्या फोल्डरचा मला राग यायचा. सगळे डोळे फ्लॅशमध्ये काढलेले. बुबुळात मधोमध तोच पांढरा ठिपका.

"भाई, ह्या बाईच्या तोंडावर खिडकीचा उजेड हाय, आणि डोळ्यात फ्लॅश. खोटं दिसतं."

"कोणाला?"

"मला."

"तुझ्या घरात लावायचाय काय?" ते हसायचे. "अरे तेजल, तू समजते, फोटो आपण बघायला असतो. नाय. फोटोनं आपल्याकडं बघायला पायजे. माणूस गेला म्हणजे काय गेलं? त्याचं बघणं गेलं. लोक तेवढंच परत मागायला येतात."

"जे होतं ते दाखवायचं. मिटलेले तर मिटलेले."

"मग जा, पेपरात भरती हो."

असं आमचं रोज चालायचं.

दसरा झाल्यावर मुरब्याहून रखमाकाकू आली. मासेमार मांगेल्यांची बाई, साठीची, डाव्या करंगळीचं टोक कोयत्यानं उडालेलं. तिचा मुलगा विश्राम बोटीवरून पडला. चार महिने झाले, अंग मिळालं नाय. गावानं शेवटी दिवस घातले. त्याचा मोबाईल त्याच्याबरोबरच गेला, त्याचे सगळे फोटो त्यातच. राहिला होता एक, चुलतभावाच्या हळदीतला. डोळे मिटलेले.

"उगडून दे पोरी," ती बोलली. "मेल्यासारका दिसतो."

मी फोटो मोठा केला. मांडवाच्या डाव्या बाजूनं ऊन आलेलं, गालावर हळद चमकत होती. चांगला फोटो होता, कुणीतरी मनापासून काढलेला. ह्याच्यात मी फ्लॅशवाले डोळे घालणार नव्हती. तरी फोल्डरमधून दहा जोड्या लावून बघितल्या, सगळ्या चिकटवल्यासारख्या दिसल्या.

मग मला धीरजचा फोटो आठवला. धीरज माझा भाऊ, बावीसचा, तारापूरच्या कारखान्यांना माणसं नेणारी बस चालवतो. घरी खिडकीत चहा पिताना मी त्याचा फोटो काढला होता. ऊन डावीकडून. वय तेच. त्यातले डोळे बसवले, आणि विश्रामनं सरळ माझ्याकडं बघितलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते काम खरं वाटलं. धर्मेशभाई दुकानात नव्हते. मी प्रिंट काढून फ्रेम करून दिली. रखमाकाकूनं फ्रेम धरली आणि पदरानं काच पुसली.

आठ दिवसांनी ती सुकट घेऊन आली. "बगतो तो," एवढंच बोलली. मी दिवसभर खुशीनं फुगून फिरत होती.

त्याच आठवड्यात धीरज सकाळी चपाती खाता खाता बोलला, "तेजू, डोळा मिटला की काळं दिसतं ना?"

"नाय, पिक्चर दिसतो. काय विचारतो?"

"मला एक खोली दिसते."

मी हसली. तो हसला नाय.

"हिरव्या भिंती. एक बाई खाली बसून मासळी कापते. मधेच वर बघून माझ्याशी बोलते. आवाज येत नाय."

"स्वप्न असेल."

"जागा असताना. पापणी पडली की. मी हायवे बघतो, पापणी, खोली, परत हायवे."

"किती वर असतो तू? म्हणजे कुठून बघतो?"

त्यानं विचार केला. "वरून. उभ्या माणसाच्या डोक्याच्या वरून. आणि दोन्ही बाजूला पिवळं पिवळं काहीतरी. धूसर."

जवळची वस्तू फोकसमध्ये नसली की अशीच दिसते. झेंडूचा हार भिंगाच्या एवढ्या जवळ असेल तर अगदी अशीच.

"त्या बाईचं बोट बघितलं काय?" मी विचारलं.

"तुला कसं माहीत?" तो बोलला. "डाव्या करंगळीला टोकच नाय."

मी त्याला काय सांगितलं नाय. सरळ स्टुडिओत गेली आणि भाईला फोटो दाखवला. ते चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेले.

"हे डोळे फोल्डरमधले नाय."

"धीरजचे हायत."

ते खुर्चीत बसले. मी त्यांना कधी असं बसताना बघितलं नव्हतं, हातात काय नसताना.

"फोल्डरमधले सगळे गेलेले हायत, तेजल. सगळे. माझ्या बापूजींनी निगेटिव्हवर पेन्सिलनं डोळे उघडले, तेव्हापासून हा नियम. जिवंत माणसाचे नाय घ्यायचे."

"का?"

"ते नाय सांगितलं त्यांनी."

"मग तुमी मला का नाय सांगितलं?"

"तू ऐकते कधी? हसली असती."

खरं होतं. म्हणून मला जास्त राग आला. मी टेबलावरचा कॅलेंडरचा गठ्ठा फेकला आणि मग स्वतःच उचलला.

पुढच्या चार दिवसांत धीरजची पापणी जड झाली. म्हणजे आमाला तशी दिसत नव्हती, पण तो बोलायचा की आत वेळ लागतो. आधी चमकून जायची ती खोली, आता त्याला त्या बाईचं अर्धं वाक्य ओठांवर दिसायचं. बुधवारी उमरोळीजवळ बस रस्त्याच्या कडेला उतरली. आत एकतीस माणसं. कुणाला काय झालं नाय. त्यानं सांगितलं कुत्रा आडवा आला.

"रजा घे," मी ओरडली.

"रजा घेतली तर दुसरा ड्रायव्हर लावतात. दोन दिवसांत चष्मा घेतो."

"चष्म्यानं काय होणार, बैला!"

"मग कशानं होणार? तुला माहीत हाय काय?"

मी उठून बाहेर ओट्यावर गेली.

गुरुवारी मी फोल्डरमधली जोडी बसवून नवीन प्रिंट काढली आणि सहा आसनी रिक्षानं मुरब्याला गेली. अकराचं ऊन. बांबूवर बोंबील लटकत होते. मी त्या घरात आधी कधी गेली नव्हती, तरी दार मी न विचारता ओळखलं. आतल्या भिंती हिरव्या होत्या.

"ये पोरी. बस. बग, तुज्याकडं बगतो."

तो बघत होता. मी डावीकडं सरकली, तरी बघत होता. समोर बघणाऱ्या कुठल्याही फोटोत तसं वाटतं, हे मला माहीत हाय. मी उजवीकडं गेली. मग त्यानं पापणी मिटली असं मला वाटलं. मी लक्ष दिलं नाय.

"काकू, ह्यात चूक राहिली. मी दुसरा आणलाय."

"कसली चूक? माजा पोर हाय तो."

"दोन मिनिटं द्या." मी तिला विचारलंच नाय. स्टुलावर चढली, फ्रेम काढली आणि मागचे खिळे काढायला टेबलावर पालथी ठेवली.

माझा फोन वाजला.

"तेजू." धीरजचा आवाज बारीक झाला होता. "तेजू, मला काय दिसत नाय."

"डोळे उघड."

"उघडेच हायत!"

"बस कुठं हाय?"

"थांबवली. हॉर्न मारतायत मागून. सगळं काळं हाय, तेजू, आईला सांगू नको..."

मी फ्रेम उचलली. सुलटी केली.

फोनमध्ये तो एकदम श्वास सोडून थांबला. "आलं," तो बोलला. "आता दिसतंय. तू रडते काय? तू मला... तेजू, तू माझ्यासमोर कशी?"

मी फोन कापला.

रखमाकाकूनं हे सगळं बघितलं होतं. मी फ्रेम हातात उभी धरून नवीन प्रिंट तिला दाखवली. तिनं एकदाच बघितलं.

"हा नाय बगत."

"काकू, तोच फोटो हाय."

"मी आई हाय. चार महिने तो बगत नव्हता. आता बगतो, तर तू न्यायला आली?" तिनं फ्रेम माझ्या हातातून घेतली. जोरानं नाय. तिला जोर लावायची गरजच पडली नाय. "कोनाचे हायत ते?"

"माझ्या भावाचे."

ती खाली बसली. फ्रेम मांडीवर उभी धरली, पालथी पडू नये म्हणून.

"तुला भाऊ पायजे," ती बोलली. "मला पोर. मी तरी काय करू?"

मी बोईसरला परत आली. धर्मेशभाईला सांगितलं, माझा फोटो काढा. डावीकडून उजेड, खिडकीतला.

"नाय."

"मग मी टायमर लावते. पण नीट येणार नाय. तुमी काढला तर नीट येईल."

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. पडदा सरकवला. मला स्टुलावर बसवलं, हनुवटी बोटानं जराशी वर केली. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलंय. कॅमेऱ्यामागं गेल्यावर त्यांचा चेहरा दिसेना.

"तुझं म्हणणं बरोबर होतं," ते बोलले. "मिटलेले तर मिटलेले. बापूजींना पण मी हेच बोलायला पायजे होतं." मग सवयीनं बोलले, "डोळे मिटू नको."

शुक्रवारी मी धीरजला घरातून हलू दिलं नाय. त्याच्या बसची चावी माझ्या खिशात. मुरब्याला रखमाकाकूनं दार उघडलं आणि स्टूल आधीच भिंतीला लावून ठेवलेलं.

ह्या वेळी मी फ्रेम पालथी केली नाय. उभी धरून काकूला मागचे खिळे काढायला लावले. माझे डोळे बसवलेली नवीन प्रिंट जुन्याच्या वरून सरकवली, काचेला घासत.

अर्ध्यापर्यंत आली.

धीरजचे डोळे झाकले गेले.

माझी पापणी पडली. आणि मी माझ्याकडं बघितलं. केस विस्कटलेले, ओठ चावलेला, हातात फ्रेम.

मी डोळे उघडले.

काकू फोटोकडं बघत होती. मग माझ्याकडं. तिनं तुटक्या करंगळीचा हात माझ्या गालाला लावला.

"हा बगतो," ती हळूच बोलली. "रोज बोलेन तुज्याशी."

धीरज आता ठीक हाय. बस चालवतो. त्या दिवसाचा विषय आमी दोघं काढत नाय.

मला सवय झाली. फोटो काढताना मी डावा डोळा मिटते, सगळेच मिटतात. उजव्या डोळ्यात पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आणि डाव्यात हिरवी खोली. रखमाकाकू बोलते, मला ऐकू येत नाय, पण ती जेवली की वर बघून हसते. मला वाटलं, एवढंच असेल तर हरकत नाय.

मागच्या सोमवारी दुपारी तिनं दोन ताटं वाढली. एक स्वतःपुढं. दुसरं बरंच बाजूला, अगदी फ्रेमच्या कडेला, अर्धं माझ्या नजरेत, अर्धं बाहेर. ती खात होती. दुसऱ्या ताटातला भात पण कमी होत होता.

पलीकडं कोण बसलंय ते बघायला मी मान वळवली. स्टुडिओत माझी मान वळली. खोलीत काय हललं नाय.

रखमाकाकूनं वर बघितलं, थेट माझ्याकडं, आणि ह्या वेळी ती हसली नाय. तिनं हात लांब करून ते ताट हळूच बाहेर सरकवलं. ताटाच्या काठावर चार बोटं होती, ती पण ताटाबरोबर सरकत गेली. फुगलेली, पांढरी. नखांत वाळू.