वरदचा साडेपाचचा फोन

हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्याच घरात घडलंय. खारघरला, गेल्या डिसेंबरात. पटलं नाही तरी चालेल.

माझी ताई, उत्कर्षा, लडाखमधल्या एका मोठ्या दुर्बिणीचं काम घरूनच बघते. रात्री आभाळ कसं असेल याचा अंदाज काढायचा, आणि दुर्बिणीचा वेळ कुणाला किती द्यायचा ते ठरवायचं.

रोज संध्याकाळी साडेपाचला तिथल्या डोंगरावरून, दुर्बीण सांभाळणाऱ्या वरदचा फोन यायचा. तो बाहेर उभा राहून आभाळ बघून सांगायचा. मग ताई रात्रीचं वेळापत्रक पक्कं करायची.

पाच डिसेंबरला तो म्हणाला, "ताई, पश्चिमेला ढग दिसतायत. आज राहू दे का?"

"हवामानाच्या मॉडेलमध्ये रात्रभर मोकळं आहे. उघड तू."

त्याने दुर्बिणीवरचा घुमट उघडला.

आठला बर्फाचं वादळ आलं. घुमट बंद होईना, म्हणून तो शिडीवर चढला...

सकाळी सापडला.

ताईने बोलणंच टाकलं. कामाला मात्र रोज बसायची.

तेराव्या दिवशी साडेपाचला फोन वाजला नाही. तरी ताईने तो कानाला लावला... आणि लिहायला लागली. वारा किती. ढग कुठे.

"कोण आहे?" मी विचारलं.

"वरद."

नंतर मी फोन तपासला. एकही कॉल नव्हता. पण तिने लिहिलेलं त्या रात्री तंतोतंत खरं ठरलं.

पुढचे आठ दिवस तेच.

"मी रोज माफी मागते," ती म्हणाली. "तो ऐकून घेतो. मग आभाळाचं सांगतो."

सव्वीस तारखेला आईने तिला जबरदस्तीने बेलापूरला डॉक्टरांकडे नेलं. फोन घरीच राहिला.

साडेपाच झाले. खालून मेट्रो गेली. मग एकदम शांत...

काही नसतं, हे मला स्वतःलाच पटवायचं होतं. मी फोन कानाला लावला.

आधी नुसता वारा. मग कुणाचातरी दम लागलेला श्वास...

"ताई आहे?"

"नाहीये. तुम्ही... आता फोन नका करू. तिला त्रास होतो."

बराच वेळ वारा.

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर ताईला काहीच ऐकू आलं नाही. अजूनही ती रोज फोन कानाला लावून बसते. परवा म्हणाली, "त्याने मला माफ नाही केलं, स्वराज."

मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ती आत गेली की मीच फोन उचलतो.

वारासुद्धा येत नाही.