फिल्मवरचा हात

गाडीचा रंग जपायला वरून पारदर्शक फिल्म लावतात ना, तिलाही आयुष्य असतं. सात-आठ वर्षं उन्हातान्हात टिकते, मग पिवळी पडते, कडा सोडते. तेव्हा ती काढलेलीच बरी, नाहीतर जाताना रंगही घेऊन जाते. ते काढायचं काम माझं. दुकानात मी एकटा आणि घरीही एकटाच. गप्पा म्हणाल तर रेडिओशी.

एका दुपारी एक काकू नवऱ्याची गाडी घेऊन आल्या. काका वर्षापूर्वी गेलेले.

"सगळी फिल्म काढा," त्या म्हणाल्या. "गाडी विकून लेकीकडे जायचंय मला."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे रोज हिच्यावरून तळहात फिरवायचे. बुडबुडा दिसला की दाबून बसवायचे. अजून ऐकू येतं हो मला... रात्रभर. ते सोडून जाववत नाही, आणि सोसवतही नाही."

एकट्या माणसाला काय काय ऐकू येतं, ते मला सांगायला नको. मी मान डोलावली आणि त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं.

बॉनेटवरची फिल्म सहज सुटली. ड्रायव्हरच्या दाराशी आलो तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. फिल्म गरम करत, तिरकी ओढत अर्ध्या दारापर्यंत सोडवली आणि फडकं घ्यायला वळलो. मागे आवाज आला. सर्र... सर्र... कोरडा तळहात फिरावा तसा.

वळून पाहिलं, तर सोडवलेली फिल्म पुन्हा दारावर बसली होती. एकही बुडबुडा नव्हता. एकदा सुटलेली फिल्म अशी बसतच नाही हो! तापलेल्या गोंदाच्या वासात दाढीच्या साबणाचा वास मिसळला होता.

"काका..." मी कसाबसा म्हणालो. "काकूंना जाऊ द्या आता..."

बराच वेळ काही झालं नाही. मग मी कोपरा धरला आणि दुधावरची साय निघावी तशी फिल्म हातात आली.

काकू आल्या, फिल्म काढलेल्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गार लागतंय," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मलाही गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर काउंटरच्या काचेवरून तोच आवाज येत होता. काचेला मीच कधी लावलेल्या फिल्मवरचे जुने बुडबुडे एकेक करून नाहीसे होत होते. भ्यालो, खोटं कशाला सांगू? पण कित्येक वर्षांनी दुकानात दुसरं कुणीतरी होतं, हेही खरं. मी पळालो नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"रात्री काहीच ऐकू आलं नाही हो..." काकूंचा आवाज फुटत होता. "लेकीला मी कळवलंय, येत नाही म्हणून. हे... तुमच्याकडे आहेत का?"

काचेवरची सर्र थांबली. मी बोलायला तोंड उघडलं, आणि फोन धरलेल्या माझ्या हातावर एक कोरडा, उबदार तळहात येऊन टेकला.