चौदा मे, पुलाच्या मध्यावर

येले आत शिरला तेव्हा बाहेर ताडताड गारा पडत होत्या, आणि आत आल्या आल्या त्यानं डब्यातली दोन बिस्किटं उचलली.

खोलीतली सगळी डोकी त्याच्याकडं वळली. हॉलंडमधल्या देव्हेंटरच्या मोठ्या चर्चला चिकटून असलेल्या त्या खोलीत दर शनिवारी सकाळी कॉफी मिळते आणि कॉफीबरोबर बिस्किट मिळतं. एक. डेकरबाई डबा पुढं करतात, माणूस एक उचलतो, झाकण टप्पकन बंद होतं. अकरा वर्षांत दुसऱ्या बिस्किटाला कुणी हात लावला नव्हता. आणि हा उंच, निथळता प्राणी दोन्ही गट्टम करून मिशीवरचे कण पुसत उभा!

"बसा," टेबलामागून फेम्के म्हणाली. "कुठून निघणार, कधी निघणार आणि परत कधी येणार?"

फेम्के टेर्पस्त्रा आठवडाभर रेल्वेच्या कचेरीत गाड्यांची वेळापत्रकं लावायची आणि शनिवारी इथं फुकट बसायची. स्पेनच्या पार टोकाला, सांतियागोला, महिनाभर पायी चालत जाणारे यात्रेकरू तिच्याकडं यायचे. चालायचं ते चालतील. पण चालायच्या जागी पोचायचं कसं आणि चालून झाल्यावर घरी परतायचं कसं, हे फेम्के सांगायची. कुठली गाडी, कुठं बदलायची, मधे सँडविच खायला किती मिनिटं... सगळं लाल फाईलमध्ये. आजवर तीनशे चाळीस माणसं तिनं पाठवली होती आणि तीनशे चाळीस परत आणली होती.

येलेनं भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. मग फेम्केकडं पाहिलं. मग बराच वेळ फेम्केकडंच पाहिलं.

"लांबून," तो म्हणाला.

"लांबून म्हणजे?"

"तुमच्याकडं सगळ्यात लांबचं काय आहे?"

"पिरेनीजच्या पायथ्यापासून. आठशे किलोमीटर."

"तेच... तेच म्हणत होतो मी."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. शेजारच्या चर्चचा ऑर्गन सुरात लावायचं काम त्याच्याकडं होतं, आणि ते काम संपायचं काही नाव घेईना. फेम्केनं त्याला पॅरिसमार्गे गाडी काढून दिली, पायथ्याच्या सेंट जाँ गावात मुक्काम ठरवून दिला. तरी दर वेळी ह्याची एक शंका शिल्लकच.

"चालायच्या काठ्या विमानात हातात घेऊन बसता येतं का हो?"

"नाही. पण तुम्ही रेल्वेनं जाताय."

"हो की! आणि... पॅरिसला स्टेशन बदलताना पाऊस असला तर?"

"तर भिजा."

"आणि एकटं वाटलं तर?"

फेम्केची पेन्सिल थांबली. "ते फाईलमध्ये नसतं," ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. पलीकडं डेकरबाई बिनसाखरेची कॉफी ढवळत होत्या. गेली दहा मिनिटं ढवळत होत्या.

पाचव्या शनिवारी फेम्केनं फाईल त्याच्यापुढं आपटली. "अरे, परतीचं काय? निघायला आठवडा राहिला आणि शेवटचं पान कोरं! परतीचं तिकीट नसलेला माणूस मी आजवर पाठवलेला नाही." आपण त्याला 'अरे' म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं, आणि तो खुर्चीत जरा ताठ बसला.

"परतीचं ठरत नाहीये गं. पोर्तुगालात, ब्रागाला, जुने ऑर्गन दुरुस्त करणारा कारखाना आहे. त्यांनी तीन वर्षांसाठी बोलावलंय. हो म्हणायचं की नाही, ते... एका व्यक्तीवर आहे."

"कुणावर?"

"तू कधी चालणार?" त्यानं उलट विचारलं. "तुझं यात्रेचं पुस्तक कुठंय, मुक्कामा-मुक्कामाला शिक्का मारून घ्यायचं?"

"उजवीकडच्या खणात, स्टेपलरखाली," डेकरबाई तिकडून म्हणाल्या. "चार वर्षं झाली. एक शिक्का नाही त्याच्यावर. तीन वेळा तिकीट काढलं बाईसाहेबांनी, आणि तीन वेळा रद्द."

"डेकरबाई!"

"खोटं सांगतेय का मी?"

खोटं नव्हतं. फेम्के टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत बसली. "कागदावर सगळं नीट लावता येतं," शेवटी ती हळूच म्हणाली. "वाटेवर गेलं की कागदाबाहेरचं काहीतरी होतंच. त्याची भीती वाटते मला. हसू नकोस."

तो हसला नाही. खिशातून घड्या पडलेला नकाशा काढून त्यानं एका नदीवर बोट ठेवलं. "मी सांतियागोला पोचलो की तसाच दक्षिणेला चालत येतो. तू पोर्तुगालातल्या पोर्तूहून उत्तरेला निघ. सहा दिवसांची वाट. मधे हा पूल. ह्या काठाला वालेन्सा, पोर्तुगाल. त्या काठाला तुय, स्पेन. मधोमध भेटू."

"आणि मी आले नाही तर?"

"तर मला उत्तर कळलं. फोन मी नेत नाहीये, तेव्हा निरोपबिरोप काही नको. पूल उतरेन, वालेन्साहून ब्रागाची गाडी पकडेन. तुला कधी त्रास देणार नाही."

फेम्केनं डायरी उघडली. एप्रिल उलटला. मे उघडला. "चौदा तारीख मोकळी आहे," ती म्हणाली. "बारा वाजता?"

"बारा वाजता."

एरवी डायरीत ती पेन्सिलनंच लिहायची, हे तिनं पेनानं लिहिलं. पेनानं! ही बातमी डेकरबाईंनी संध्याकाळपर्यंत गावभर केली. आणि मग सवयीप्रमाणं फेम्केनं त्याच्या फाईलचं शेवटचं पानही भरून दिलं: वालेन्सा स्टेशन, ब्रागाकडं, दुपारी बारा पंचवीस. त्याला आपल्यापासून लांब नेणारी गाडी तिनं स्वतःच्याच हातानं शोधून दिली. काय म्हणावं अशा मुलीला!

मे महिन्यात ती खरंच निघाली. निघताना डेकरबाईंनी तिच्या हातात कागदी पुडी कोंबली. आत दोन बिस्किटं होती. "दुसरं कुणाला द्यायचं ते तुझं तू बघ," बाई म्हणाल्या आणि नाक शिंकरायच्या निमित्तानं वळल्या.

पोर्तूला विमानातून उतरताच फेम्केनं मनगटावरचं घड्याळ एक तास मागं केलं, कारण पोर्तुगाल एक तास मागं असतं आणि तिच्या यादीत तसं लिहिलेलं होतं. मग सहा दिवस ती चालली. पहिल्याच दिवशी ठरवलेली धर्मशाळा भरलेली निघाली. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. तिसऱ्या दिवशी वाट चुकून ती कुणाच्या तरी द्राक्षमळ्यात शिरली आणि मळेवाल्या आजीनं तिला सूप पाजल्याशिवाय सोडलं नाही. कागदाबाहेरचं रोज काहीतरी होत होतं, आणि नवल म्हणजे ती मेली नाही. रात्री पुस्तकावरचे शिक्के मोजताना तिला हसू यायचं, आणि हसता हसता येले आठवायचा.

चौदा तारखेला अकरा चाळीसला ती पुलाच्या मध्यावर उभी होती. वीस मिनिटं आधी. खाली संथ हिरवी नदी, अंगावर भुरभुर पाऊस. स्पेनकडून येणारा प्रत्येक माणूस तिला उंच वाटत होता, आणि जवळ आला की बुटका निघत होता. एक म्हातारी सायकलवर कोबीचे गड्डे लादून, सायकल हातानं ढकलत स्पेनकडं चालली होती. तिनं फेम्केकडं पाहिलं, मान हलवली आणि जरा पुढं जाऊन थांबली.

मागं वालेन्सात बाराचे टोल पडले. फेम्केनं केस सारखे केले.

आणि मग समोरून, तुयच्या चर्चमधून, एकच टोल आला. एक.

फेम्के ऐकत राहिली. दुसरा टोल काही पडेना.

"तो उंच पोरगा होता, त्याला शोधतेस का?" म्हातारीनं हाक मारली. "बारा वाजल्यापासून इथं उभा होता. चांगला अर्धा तास थांबला बिचारा, मग तोंड पाडून तिकडं गेला, तुझ्या पाठीमागच्या काठाला. कोबी आणायला जाताना पाहिला मी, आणि परतताना वाटेत भेटला."

"पण आजी," फेम्के शिकवणीतल्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आत्ता तर बारा वाजतायत!"

"तुमच्या काठाला. आमच्याकडं एक वाजला. पूल एकच आहे गं, वेळा दोन आहेत."

फेम्केनं कपाळावर हात मारला. तीनशे चाळीस माणसं! एकाचीही गाडी चुकली नव्हती! आणि आयुष्यात एकदा स्वतःसाठी वेळ ठरवली, तर कुठल्या काठाचे बारा हेच डायरीत लिहायचं राहिलं. ती तर म्हणाली होती, मी आले नाही तर. म्हणजे तो समजून बसला असणार की फेम्के आली नाही. फेम्के नाही म्हणाली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण डोकं वेळापत्रकाचं होतं, ते रडता रडताही चालत होतं. तो स्टेशनवर गेला. गाडी बारा पंचवीसची. वालेन्साच्या बारा पंचवीसची. म्हणजे अजून सुटलेली नाही! बावीस मिनिटं होती.

"आजी, पिशवी बघा!" ती ओरडली, पाठीवरचं ओझं पुलावर टाकलं आणि फोड आलेल्या पायानं पळत सुटली.

पूल संपला, चढ लागला. वालेन्साच्या किल्ल्याखालच्या वळणावर, एका बेकरीच्या दारात, समोरून तसाच धावत येणारा एक लांबलचक माणूस तिच्यावर येऊन आदळला.

"तू आलीस!"

"मी वेळेवर आले!" फेम्के धापा टाकत म्हणाली. "वीस मिनिटं आधी!"

"मी स्टेशनमास्तरशी दहा मिनिटं भांडत होतो गं. म्हटलं, तुमचं घड्याळ तासभर मागं पडलंय. तो म्हणाला, घड्याळ बरोबर आहे, तुमचं डोकं पुढं गेलंय. मग एकदम लक्षात आलं... पिशवी तिथंच टाकून आलो." त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "फेम्के, मला वाटलं, तू नाही म्हणालीस."

"मी हो म्हणायला सहा दिवस चालत आलेय, गाढवा."

दोघं पावसात तसेच उभे राहिले. मग तो कान खाजवत म्हणाला, "एक सांगायचंय. रागावू नकोस. त्या दिवशी मी दार चुकलो होतो. ऑर्गनच्या जिन्याचं दार शोधत होतो, गारा लागल्या म्हणून तुमच्याकडं शिरलो. सांतियागो कुठं आहे ते मला तुझ्या भिंतीवर पहिल्यांदा कळलं."

"काय?" फेम्केचं तोंड उघडंच राहिलं. "आणि आठशे किलोमीटर चाललास?"

"वर एकशे वीस. इथपर्यंत."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"कसं सांगणार? तू विचारलंस, परत कधी येणार. मला तिथून जावंसंच वाटत नव्हतं." त्यानं तिचा ओला हात हातात घेतला. "तू आवडलीस गं मला. पहिल्या बिस्किटालाच."

"दोन घेतली होतीस."

"दुसऱ्याला खात्री झाली."

तिला हसू फुटलं, रडूही आलं, आणि त्या गोंधळातच तिनं त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. बेकरीवालीनं काचेआडून टाळ्या वाजवल्या.

स्टेशनवरून त्याची पिशवी घेऊन दोघं पुलाकडं निघाले. बारा पंचवीसची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली. येलेनं तिला हात हलवून निरोप दिला.

"आणि ब्रागा?" फेम्केनं विचारलं.

"ते जूनपर्यंत थांबतील. तुला... तुला ते गाव आवडेल. फक्त रेल्वेचं वेळापत्रक भयंकर आहे तिथलं."

"भयंकर म्हणजे किती भयंकर?" फेम्केचे डोळे लकाकले.

"बघायला लागेल तुला."

"बघू. आधी मला सांतियागोला जायचंय."

"अगं, मी आत्ताच तिथून आलो!"

"बरं झालं. तुला वाट माहीत आहे."

पुलाच्या मध्यावर म्हातारी फेम्केच्या पिशवीवर बसून पावसात कोबी सांभाळत होती. दोघांना हातात हात घालून येताना पाहून ती उठली, कंबर सरळ केली आणि आपल्या घरच्याच पोरीला विचारावं तसं म्हणाली, "सापडला एकदाचा! आता कुठं निघालात? आणि परत कधी?"

फेम्केनं तोंड उघडलं. हा प्रश्न तिनं तीनशे चाळीस माणसांना विचारला होता.

"माहीत नाही, आजी," ती म्हणाली. आणि खिशातली पुडी उघडून दुसरं बिस्किट तिनं येलेच्या हातावर ठेवलं.